पुडीचा गुण

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि तिथं तिला सगळे शिडी म्हणायचे. उंचीवरून. वरच्या फळीवरचा साबणाचा डबा काढायचा असो की नळीला अडकलेलं फडकं ओढायचं असो, ‘शिडीला बोलवा’ अशी हाक यायची. तिची जोडीदारीण होती बुटकी. चादरीच्या एका टोकाला शिडी, दुसऱ्या टोकाला बुटकी, आणि मधे उतरण लागलेली चादर. मुकादम म्हणायचा, "तुमच्या चादरीवर मुलं घसरगुंडी खेळतील." पण त्यांच्याइतकी सरळ घडी कुणाची पडत नसे. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर दोघींना एकमेकींकडे बघावंही लागत नव्हतं.

काम तसं बघणाऱ्याला सोपं वाटायचं. ओल्या चादरी मशीनच्या पोटातून निघतात तेव्हा एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात. कमरेपर्यंत आत वाकायचं, पीळ सोडवायचा, ओढायचं, गाडीत टाकायचं, पुन्हा वाकायचं. एका सकाळी ती अशीच आत वाकली आणि कमरेत कुणीतरी खिळा ठोकावा तसं झालं. तिला वर येता येईना. बुटकीला वाटलं, ही गंमत करतेय. "निघ बाहेर, आत काय खजिना सापडला?" म्हणत तिनं पाठीवर थाप मारली, आणि मशीनच्या पोटातून अशी किंकाळी आली की चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळावरच्या बायकांनी हातातलं काम टाकलं.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हिचं आलं हत्तीच्या पावलानं, पण मुंगी काही जागची हलेना.

हाडांचे डॉक्टर त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर बसायचे. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. दाराबाहेर बाकं भरलेली, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही मोडलेलं. त्यांनी हिचा एक्स-रे उजेडावर धरला.

"फोटोत विशेष काही नाही. स्नायूंवर ताण आहे. वाकू नका, जड उचलू नका."

"डॉक्टर, मी धुलाईखात्यात आहे."

"हो ना, म्हणूनच सांगतोय."

गोळ्या घेऊन ती खाली आली आणि मशीनमध्ये वाकली. गोळ्यांनी दुखणं जरा मागं सरायचं आणि पोटात आग पेटायची. आग विझवायला दुसरी गोळी मिळाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी जमिनीवर झोपवून पाय कसा उचलायचा, पोट कसं आत ओढायचं ते दाखवलं. घरी पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत ती आडवी व्हायची आणि कॉलेजला निघालेली मुलगी तिला ओलांडून जायची. व्यायामानं बरं वाटायचं, ते खोटं नाही. पण दिवसभर ओल्या चादरी ओढून आल्यावर जमिनीवर झोपलेल्या बाईला उठून स्वयंपाकही करायचा असतो.

मग सुरू झाली दारोदार भटकंती. बुडत्याला काडीचा आधार लागतो आणि काड्या दाखवणारे खूप. कुणी सांगितलं म्हणून मालिशवालीकडे गेली. ती कोपरानं असं रगडायची की दुखणं विसरून माणसानं कोपराला घाबरावं. एकानं सुया टोचल्या, एकीनं पाठीवर गरम काचेचे पेले पालथे घातले, गोल गोल काळे डाग उठले. नवऱ्यानं चुंबकाचा पट्टा आणला. ओट्याशी उभी राहिली की चमचे येऊन पट्ट्याला चिकटायचे. मुलगी हसून लोळायची, हीही हसायची, आणि हसलं की कमरेत कळ यायची. प्रत्येक गोष्टीनं थोडं बरं वाटायचं, थोडे दिवस.

डॉक्टरांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. मालिशवालीनं मात्र विचारलं होतं, आणि गोळ्यांचं नाव निघताच असं तोंड वाकडं केलं की तिथंही ती सांगेनाशी झाली. पाठ एकच, पण या दाराची गोष्ट त्या दाराला माहीत नाही, असं चालू होतं.

पुडीवाल्या बाईंचा पत्ता बुटकीनंच दिला. चपलांच्या दुकानावरची खोली. स्वच्छ पुसलेली फरशी, खिडकीत उन्हाला ठेवलेल्या बरण्या, आणि खुर्चीत बसलेल्या गोल चेहऱ्याच्या, जरा धाप लागणाऱ्या बाई. त्यांनी पाठीला हातही लावला नाही. फक्त विचारत राहिल्या. कधीपासून? झोप लागते का? कुशीवर वळताना कळ येते की उठताना? घरी कोण कोण? राग कुणावर काढतेस? हिनं सांगितलं, मुलीवर. आणि सांगता सांगता ढसाढसा रडली.

"फोटोत तर काही नाही म्हणतात," ती म्हणाली.

"फोटोत दिसत नाही म्हणजे नसतंच का गं? भूक दिसते का फोटोत?"

त्या एका वाक्यावर ती बाईंची झाली. बाईंनी कागदाच्या पुड्या बांधून दिल्या. तपकिरी, कडू पूड, रोज सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची. "नुसत्या मुळ्या आहेत. अपाय म्हणून काही नाही."

आठवडा उलटायच्या आत एका सकाळी ती गॅससमोर उभी होती, चहाचं पाणी ठेवलं होतं, आणि एकदम तिच्या लक्षात आलं की आपण पलंगावरून उठलो कसे तेच आठवत नाही. रोज ती आधी कुशीवर वळायची, पाय खाली सोडायची, पलंगाची कड धरायची, दात आवळायची. आज यातलं काहीच केलं नव्हतं. माणसं उठतात तशी उठली होती. तिनं नवऱ्याला हाक मारली. तो दाढीचा साबण तोंडाला लावलेला तसाच धावत आला.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "काहीच होत नाहीये."

डॉक्टरांकडे दाखवायची तारीख आली तेव्हा ती गेली. पुढं वाकून दाखवलं, पायाची बोटं धरून दाखवली. डॉक्टर खूश झाले. "बघा, व्यायामानं फरक पडतो. बायका करत नाहीत, आणि मग म्हणतात गुण येत नाही."

"हो डॉक्टर," ती म्हणाली, आणि खाली येऊन बुटकीला नक्कल करून दाखवली. दोघी चादरीत तोंड खुपसून हसल्या.

आता तिच्या नणंदेबद्दल सांगायला हवं.

नवऱ्याची ही थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायची आणि कपडे दुरुस्त करून द्यायची. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनं लग्नाचं नाव न काढता शिलाई मशीनवर या भावाला वाढवलं. जिभेला धार होती. लग्न होऊन ही घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "मला ताई म्हणायचं नाही. ताई काय, दूधवालाही म्हणतो. वन्सं म्हण." आजकाल असं कुणी म्हणत नाही, पण ही म्हणायची, आणि वन्सं आतून सुखावायच्या. त्यांना साखरेचा आजार होता, पण त्या नियमाच्या पक्क्या. गोळी वेळेवर, जेवण मोजून, गोडाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. फक्त पाठ. जन्मभर मशीनवर वाकून त्यांची पाठ धनुष्यासारखी झाली होती आणि भावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

हिचं दुखणं सुरू झालं तेव्हा वन्सं म्हणाल्या होत्या, "पाठ सगळ्यांनाच असते. आम्ही नाही बोंब मारली." पण नंतर एका संध्याकाळी त्याच गरम पाण्याची पिशवी घेऊन भावाच्या जिन्याखाली उभ्या राहिल्या आणि पिशवी भाचीच्या हाती वर पाठवली. तेव्हापासून दोघींचं जरा जास्तच जुळलं होतं.

बरं वाटायला लागल्यावर ही पुड्या घेऊन वन्संकडे गेली.

"माझी साखर आहे," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारून घेऊ का?"

"डॉक्टर काय सांगणार? तुम्हाला म्हणतील वय झालं, मला म्हणाले वाकू नका. मुळ्या आहेत हो नुसत्या. माझ्याकडे बघा."

वन्संनी तिच्याकडे बघितलं. ती दारात ताठ उभी होती, गालावर तजेला आला होता.

"तू म्हणतेस म्हणून घेते," वन्सं म्हणाल्या.

त्यानंतरचे काही महिने त्या घरानं पाहिले नव्हते इतके चांगले गेले. एका रविवारी दारावर थाप पडली, आणि दार उघडलं तर वन्सं. तिन्ही जिने चढून, एकट्या. धाप लागलेली, चेहरा लहान मुलीसारखा फुललेला. नवऱ्यानं बहिणीला हाताला धरून खोलीखोलीतून फिरवलं, हे बघ इथं कपाट केलं, हा बघ नवा नळ, जसं काही तो राजवाडाच दाखवत होता. वन्सं खिडकीशी बसल्या आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "वरून सगळी माणसं सारखीच दिसतात गं," म्हणाल्या. "टकलं तेवढी वेगळी." त्या दिवसापासून दर रविवारी त्या येऊ लागल्या.

धुलाईखात्यात हिच्या शब्दावर बुटकीनं पुड्या सुरू केल्या, रुळावरच्या दोघींनी केल्या. हिचा चेहरा गोल झाला. बायका म्हणाल्या, अंगावर मूठभर मांस चढलं, सुख मानवलं. कुठं जरा आपटलं की काळानिळा डाग उठायचा. ती म्हणायची, आपटलं असेल जोरात. वन्संना तहान फार लागायची. मशीनशेजारी पाण्याचा तांब्या असायचा, तो दिवसातून कितीदा तरी भरावा लागायचा. "उन्हाळा आहे," त्या म्हणायच्या. उन्हाळा संपला तरी तांब्या तिथंच होता.

मग एक दिवस वन्संच्या हातून कात्री सुटली आणि पायाच्या अंगठ्यावर पडली. जखम एवढीशी. त्यांनी चिंधी बांधली आणि काम पुढं चालू ठेवलं. दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या रविवारी आल्या नाहीत, पुढच्याही रविवारी आल्या नाहीत, तेव्हा ही बघायला गेली. खोलीत शिरताच वास आला. पाऊल घोट्यापर्यंत सुजून काळपट झालं होतं आणि वन्सं तापलेल्या अंगानं मशीनवर बसून कुणाची तरी पँट आखूड करत होत्या.

इस्पितळात ठेवून घेतलं. वॉर्डच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईतल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढली, पलंगाशी बसल्या, सगळ्या गोळ्यांची नावं विचारली. साखर इतकी चढली होती की त्यांचा विश्वास बसेना.

"आजी, एवढ्या नियमानं राहता म्हणता, मग साखर इतकी कशी? या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? काढा, पूड, कुणी दिलेलं औषध?"

पलंगाच्या एका बाजूला नवरा उभा होता, दुसऱ्या बाजूला ही, वन्संच्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून. वन्संनी हिच्याकडे बघितलं. क्षणभरच.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडेही बघितलं. हिनं मान खाली घातली.

नवरा औषधं आणायला गेल्यावर हिनं विचारलं, "वन्सं, नाही का म्हणालात?"

"तो शेजारी उभा होता. चारचौघांत तुला बोलला असता. माझ्यावरून तो कुणालाही बोलतो, मला ठाऊक आहे." त्यांनी चादरीची चुणी सरळ केली. "मुळ्याच आहेत ना?"

"हो."

"मग झालं तर. बरी झाले की मीच सांगेन त्याला."

जखम साफ केली, साखर उतरली, ताप जरा हटला. दोन दिवस वाटलं, सुटलो. मग वन्संना उलट्या सुरू झाल्या. हात उचलवेना. रक्तदाब उतरू लागला. सलाइन लावलं, बाटल्या वाढवल्या, तरी तो वर येईना. डॉक्टरीणबाई येऊन बघून जात होत्या, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणत होत्या, आणि दोघं खिडकीशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. पायाकडे बघता इतकं व्हायला नको होतं, असं काहीतरी हिच्या कानावर पडलं.

दुपारी ती तळघरातून वर आली तेव्हा वन्संनी तिचं मनगट धरलं. पकडीत जोरच नव्हता.

"पुडी आण," त्या म्हणाल्या. "घरी आहेत ड्रॉवरमध्ये. पुडी चुकली म्हणून असं होतंय. मला कळतंय ना."

"इथं कशी देऊ वन्सं? इथली औषधं चालू आहेत. एकात एक मिसळून काही झालं म्हणजे?"

"आण गं."

"बरं वाटू द्या थोडं. मग आणते."

तिला खरंच भीती वाटली होती. इस्पितळाच्या पलंगावर बाहेरचं औषध दिलं आणि काही बिघडलं तर दोष आपल्यावर येईल, ही भीती. आणि डॉक्टरीणबाईंना विचारायचं तर आधी सगळं कबूल करायला लागेल, ही दुसरी भीती. दोन भीतींच्या मधे ती बसून राहिली, वन्संच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं तिला ओळखेनात, भावाला त्यांच्या आईच्या नावानं हाक मारू लागल्या. तेव्हा ती उठली, तशीच वन्संच्या खोलीवर गेली, ड्रॉवरमधली पुडी घेतली आणि धावत आली. पाठीत कळ येत होती, तिच्याकडे तिनं लक्ष दिलं नाही. डॉक्टरीणबाई पायऱ्यांवर भेटल्या. तिनं पुडी त्यांच्या हातात ठेवली.

"वन्सं या पुड्या घेत होत्या. मीच दिल्या. महिने झाले."

बाईंनी पुडी उघडून बघितली, मग हिच्या चेहऱ्याकडे बघितलं, गोल गालांकडे, हातावरच्या काळ्यानिळ्या डागांकडे. त्या वळल्या आणि वॉर्डकडे पळाल्या. डॉक्टरला पळताना तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

इंजेक्शनं दिली. थोडा वेळ रक्तदाब वर आला. नवरा म्हणाला, बघ, डोळे उघडतेय. पण तोवर पायातलं विष रक्तात भिनलं होतं. दुपार कलायच्या आत वन्सं गेल्या.

सगळं आटोपल्यावर डॉक्टरीणबाईंनी हिला बोलावून समजावून सांगितलं. असल्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. जालीम औषध. दुखणं, सूज, सगळं दाबून टाकतं, माणसाला वाटतं आपण पुन्हा तरुण झालो. आत साखर चढते, हाडं पोखरतात, जखमा भरत नाहीत. आणि महिनोन्महिने घेतलं की शरीर स्वतःची ताकद तयार करणं विसरतं, त्याच्याच कुबडीवर उभं राहतं. एकदम बंद केलं की कुबडी काढून घेतल्यासारखं कोसळतं.

"म्हणजे त्या मागत होत्या ते..." हिनं विचारलं. "मी आधी सांगितलं असतं तर?"

"कदाचित," बाई म्हणाल्या. "पायही फार बिघडला होता. मी छातीठोक नाही सांगू शकत." मग म्हणाल्या, "तुमच्या चालूच आहेत ना? उद्यापासून पुडी घ्यायची नाही. पण औषध एकदम तोडायचंही नाही. मी गोळ्या लिहून देते, हळूहळू कमी करू."

म्हणजे ज्यानं वन्संना नेलं तेच आता हिला गोळीच्या रूपानं रोज गिळायचं होतं. तिनं ते गिळलं.

नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वन्सं काय म्हणाल्या, तिनं मान कशी खाली घातली, पुडी मागितली तेव्हा ती काय बोलली, सगळं. तिला वाटलं तो ओरडेल, निदान हात तरी आपटेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो टेबलावरच्या कपाकडे बघत होता.

"म्हणजे मी तिथं उभा नसतो, तर तिनं सांगितलं असतं," तो म्हणाला.

त्यानंतर या विषयावर तो बोलला नाही, आणि हळूहळू दुसऱ्या विषयांवरही बोलेनासा झाला. घरचं सगळं करायचा. पाणी भरायचा, भाजी चिरायचा, तिच्या पाठीमागं उशी लावून द्यायचा. फक्त तिच्या नजरेला नजर द्यायचा नाही.

एकदाच तो उठला आणि म्हणाला, "त्या बाईकडे चल. मला तिचं तोंड बघायचंय." दोघं चपलांच्या दुकानावर गेले. पुडीवाल्या बाई जिन्याच्या आवाजानं दारात आल्या. हिनं आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. तोच गोल चेहरा, सुजलेले पाय, हातावर तेच डाग, मानेमागं उंचवटा.

नवऱ्यानं सगळं सांगितलं. बाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"मला तयार डबे येतात हो," त्या म्हणाल्या. "मी फक्त पुड्या बांधते. मी स्वतः घेते रोज. माझी पाठ गेली होती म्हणून तर मी यात पडले." आणि मग हिच्याकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "एकदम बंद नाही करायचं म्हणतात का?"

नवरा शिव्या देण्याच्या तयारीनं आला होता. तो वळला आणि जिना उतरू लागला. हिनं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं बाईंना सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मगच खाली आली. पुढं काही दिवसांनी खोलीला कुलूप दिसलं. बाई कुठं गेल्या, जगल्या की कसं, ते कुणाला कळलं नाही.

वन्संची खोली रिकामी करून द्यायची होती. दुरुस्तीला आलेले कपडे ज्याचे त्याला परत केले, मशीन एका ओळखीच्या शिंपिणीला दिलं. शेवटी कोपऱ्यात बटणांचा डबा राहिला होता. हलका, पत्र्याचा. तो उचलायला ती वाकली आणि पाठीत काहीतरी कडकन वाजलं. डबा उलटून बटणं सगळ्या फरशीभर झाली. ती त्यांच्यातच आडवी झाली आणि मुलगी येईपर्यंत तशीच पडून राहिली.

या खेपेला फोटोत दिसलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मणके काड्यापेटी चेपावी तसे चेपले होते, एक नाही, तीन. त्यांनी तिला भिंतीशी उभं करून उंची मोजली. ती चार बोटं कमी भरली.

"मागं तुम्ही आलात, छान वाकून दाखवलंत," ते म्हणाले. "तेव्हाच मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ती भांडायला म्हणाली नव्हती. जे होतं ते म्हणाली. डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला, पाकीट नीट बंद केलं, आणि पट्टा कसा बांधायचा ते स्वतः उठून दाखवलं. पाठ आता पहिल्यासारखी होणार नाही, हेही सांगितलं. ते खोटं बोलत नाहीत एवढं तिला त्या दिवशी कळलं, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

नोकरी गेली. कुणी काढलं नाही. वाकता न येणाऱ्या बाईला धुलाईखात्यात ठेवणार कुठं? गोळ्या कमी कमी होत गेल्या तसतसं दुखणं परत आलं, जुन्या जागी आणि नव्या जागीही. ती खिडकीशी बसायची. खालून बसथांब्यावर जाणाऱ्या ओळखीच्या बायका वर बघून हात करायच्या.

धुलाईखात्यात तिनं निरोपावर निरोप पाठवले होते. पुडी घेऊ नका, घेत असाल तर आधी वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगा, मनानं बंद करू नका. कोण गेलं, कोण नाही, तिला कळत नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी बुटकी भेटायला आली. बरोबर नारिंगं आणली होती. जिना चढून तिला घाम फुटला होता. खुर्चीत बसताना तिनं आधी टेबल धरलं, मग खुर्चीची पाठ, मग हळूच अंग सोडलं. हिला ते सगळं ओळखीचं होतं.

बुटकीनं खात्यातल्या गमती सांगितल्या. नवी पोरगी आली आहे, तिला चादरीचं टोकही धरता येत नाही. मुकादमाला जावई मिळाला, तो मुकादमालाच कामाला लावतो. ही हसली. मग बुटकी नारिंगाची साल सोलत बसली, सोलून झालं तरी खाईना.

"तू गेलीस का डॉक्टरीणबाईंकडे?" हिनं विचारलं.

"गेले. सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या, कमी कमी करत बंद झाल्या. चांगल्या आहेत बाई." बुटकीनं खाली बघितलं. "आता काहीच घेत नाही."

"बरं केलंस."

"बरं कसलं." बुटकीचा आवाज फुटला. "मशीनमध्ये वाकले की वाटतं आत शिरावं आणि दार लावून घ्यावं. अजून सात वर्षं काढायची आहेत मला. व्यायाम करते, पट्टा लावते, सगळं करते. दुखतंच. तुझ्याकडे..." ती थांबली. "तुझ्याकडे उरल्यात का गं त्या? थोड्याच. रोज नाही घेणार मी. फार झालं की तेवढीच एखादी."

"तुला माहीत आहे ना वन्संचं काय झालं?"

"माहीत आहे."

"माझं बघतेस ना?"

"बघतेय गं. आंधळी आहे का मी?" बुटकी म्हणाली. "माहीत असलं म्हणून दुखायचं थांबतं का?"

घरात एकही पुडी नव्हती. होत्या तेवढ्या नवऱ्यानं संडासात ओतून टाकल्या होत्या. तसं तिनं सांगितलं. बुटकीला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. तिनं मान हलवली, नारिंगाच्या सोललेल्या फोडी बशीत नीट मांडून हिच्यापुढं सारल्या, आणि निघाली. टेबल धरून उठली.

"परत ये," ही म्हणाली.

"येईन की," बुटकी म्हणाली. "जिने तेवढे जास्त आहेत तुमचे."

दार नवऱ्यानं लावून घेतलं. ही खिडकीशी बसून ऐकत राहिली. बुटकी एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायची, थांबायची, मग पुढची पायरी. तिला खाली पोचायला फार वेळ लागला.